दालमिलीतली तोतया मॅडम

फेब्रुवारीत वऱ्हाडात निघालेय म्हटल्यावर साताऱ्यातल्या माझ्या भिशीच्या बायकांनी एका सुरात विचारलं, "तिथं काय आहे बघायला?"

मी म्हटलं, "मधुरा आहे."

मधुरा म्हणजे माझी मुलगी. पुण्यात एका छोट्या सल्लागार कंपनीत काम करते. कारखान्यातून घाण बाहेर पडली की ती साफ कशी करायची, हे सांगणारे पुष्कळ असतात. मधुराची कंपनी एक पाऊल अलीकडे थांबते. घाण मुळात तयारच होऊ नये म्हणून काय करायचं, ते ही मंडळी सांगतात. पाणी कमी कसं लागेल, धूळ उडणारच नाही असं काय करता येईल, वाया जाणारा माल परत कामाला कसा लागेल, असलं सगळं. या वेळी पहिल्यांदाच तिला एकटीला इतक्या लांब पाठवत होते. अमरावतीत एक लॉन्ड्री आणि अकोल्यात एक दालमिल. नोकरी नवी, अजून कायम झालेली नाही, त्यामुळे पोरगी जरा ताणात होती.

मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई. घरात बसून भिंतींना शिस्त लावून कंटाळले होते. म्हटलं, "मी पण येते. तू काम कर, मी वऱ्हाड बघते."

"एका अटीवर," मधुरा म्हणाली. "माझ्या कामात तोंड घालायचं नाही."

"बरं," मी म्हटलं. माझ्या 'बरं'वर विश्वास ठेवायची चूक तिनं केली. तीही इतकी वर्षं माझ्या घरात काढून.

साताऱ्याहून एसटीनं पुणे आणि तिथून रात्रीची अमरावतीची रेल्वे. जाणार असाल तर तिकीट बरंच आधी काढा. शिकणारी मुलं आणि सरकारी कामाला निघालेली माणसं यांनी गाडी भरलेली असते. आम्ही सकाळी बडनेऱ्याला उतरलो. गाडी अमरावतीच्या आत जाते तरी बडनेऱ्यालाच उतरा, असं आमच्या ड्रायव्हरनं फोनवर बजावलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, "माह्यं घर तिथंच हाय ना!" हे अकरमभाई. पुढचे तीन दिवस त्यांचीच गाडी होती. दोघी-तिघी असाल तर पूर्ण दिवसांची गाडी ठरवणंच परवडतं, कारण कारखाने बसस्टँडजवळ नसतात.

"मावशी, पयले नाश्ता," अकरमभाईंनी जाहीर केलं आणि थेट गिल्या वड्याच्या गाडीपुढे उभं केलं. गिला म्हणजे ओला. पातळ, तिखट, आंबट रश्शात पोहणारा वडा. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला कान गरम झाले, तिसऱ्याला मी दुसरी प्लेट मागवली. मधुरा घड्याळाकडे बघत होती.

लॉन्ड्री शहराच्या कडेला होती. दवाखान्यांच्या आणि लॉजांच्या चादरी धुणारी. दारातल्या वॉचमननं मला बघून कडक सलाम ठोकला. माझा वेष तसा होता म्हणा: कडक इस्त्रीची हातमागाची साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, चेहऱ्यावर तीस वर्षं मुलांना गप्प बसवून आलेला कायमचा भाव. मागून मधुरा, जीन्स, पाठीवर सॅक आणि हातात माझी पाण्याची बाटली.

"मॅडम आल्या!" वॉचमन आत ओरडला.

"मॅडम मी आहे," मधुरा म्हणाली. "या माझ्या आई."

वॉचमननं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खोटं बोलतेय.

लॉन्ड्रीच्या मालकीणबाई मात्र झकास होत्या. पन्नाशीच्या, बोलायला एकदम रोखठोक. मधुराला त्यांनी सगळं फिरवून दाखवलं. शेवटच्या धुण्याचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं, ते त्या टाकीत साठवतात आणि पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरतात. वाफेच्या नळ्यांना जाड पट्ट्या गुंडाळल्यात, म्हणजे उष्णता वाटेत सांडत नाही. साबणाची पावडर मापानं.

"पयले पावडर हातानं टाकत होतो," त्या म्हणाल्या. "ज्याचा हात मोठा त्याची पावडर जास्त! मांगच्या नाल्याले फेस यायचा निरा दह्यावानी. शेजारची म्हैस तोंड लावत नव्हती पान्याले. आता पेते."

"ही म्हैस मी रिपोर्टमध्ये घालू का?" मधुरानं हसत विचारलं.

"घाला ना. तिचं काई म्हननं नाई."

संध्याकाळी आम्ही अंबादेवीचं दर्शन घेतलं, बाजारात हिंडलो, मी ज्वारीच्या भाकरीबरोबर वांग्याची भाजी खाल्ली आणि तिखटाच्या बाबतीत साताऱ्याचा जो काही गर्व होता तो तिथंच ठेवून आले. झोपताना मधुरानं पुन्हा बजावलं, "आई, उद्या अकोल्यात तू गाडीत बसायचंस. लॉन्ड्रीचं काम आधीच चांगलं होतं. दालमिलीचं प्रकरण नाजूक आहे."

नाजूक कसं, तेही तिनं सांगितलं. मिलीच्या मागे वस्ती आहे. धुळीमुळे वस्तीनं तक्रार केली होती. मालकाकडून तूरडाळ घेणाऱ्या शहरातल्या पॅकिंग कंपनीनं म्हटलं होतं, आधी तुमचं काम स्वच्छ आहे हे दाखवा, मग पुढची खरेदी. मधुराचा रिपोर्ट त्यासाठी होता. खरा रिपोर्ट दिला तर मालक नाराज, गोडगोड दिला तर वस्तीच्या नाकात धूळ.

"बरं," मी म्हटलं.

अमरावती ते अकोला रस्ता आता लोण्यासारखा झालाय. दोन्ही बाजूंना काळी रानं, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. मुर्तिजापुरात चहाला थांबलो. अकरमभाईंनी शेकलेले हरभऱ्याचे घाटे कुठून तरी पैदा केले आणि आम्ही काळे ओठ करून अकोल्यात शिरलो. उन्हाची चुणूक फेब्रुवारीतच लागते. टोपी, रुमाल जवळ ठेवा. मार्चनंतर जायचं असेल तर तुमची हिंमत.

मिलीच्या दारात रांगोळी होती. पायवाटेच्या दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा. जमीन नुकतीच धुतलेली, ओलसर. मी गाडीत बसून हे बघितलं आणि मला आमची शाळाच आठवली. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आदल्या दिवशी आम्ही असल्याच रेघा मारायचो. जिथं चुना जास्त, तिथं भानगड जास्त, हे मी अनुभवानं सांगते.

म्हणून मी गाडीतून उतरले. फक्त पाय मोकळे करायला.

मालक प्रमोदभाऊ गावंडे धावत आले. पांढरा शर्ट, भरघोस मिशा, हातात गुलाबांचा गुच्छ. मधुराला ओलांडून त्यांनी तो सरळ माझ्या हातात दिला.

"या मॅडम, या! लय मोठा प्रवास झाला. तुमच्या असिस्टंटले सांगा, बॅग हापिसात ठिवाले."

मधुरानं तोंड उघडलं, "अहो, मी..."

आणि त्याच क्षणी माझ्यातला कुठला तरी खोडकर किडा वळवळला. मी गुच्छ घेतला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हटलं, "ही मुलगी जरा मागं फिरून येईल. चालेल ना?"

"हाव ना! तिले काय पाहाचं ते पाहू द्या. तुमी इथं बसा, पंख्याखाली."

मधुराच्या चेहऱ्यावर आधी धक्का, मग राग, मग किंचित हिशेब दिसला. मालक आणि त्यांची माणसं माझ्याभोवती गोळा झाली होती. तिच्यावर नजर ठेवायला कुणीच नव्हतं. ती सरळ मिलीच्या मागे निघून गेली.

मला नारळपाणी मिळालं. त्यानंतर काजू. प्रमोदभाऊ समोर बसले.

"आपली मिल एकदम साफ हाय, मॅडम. लोकं उगीच बोंबलून राह्यले."

"मशीन बंद का?"

"आज मेंटेनन्स."

"काल?"

"काल चालू होती."

"उद्या?"

"उद्या चालू राहीन ना."

"म्हणजे मी यायच्या दिवशीच मशीन आजारी पडलं."

प्रमोदभाऊ मिशीतल्या मिशीत हसले. विषय बदलून त्यांनी मला एक योजना सांगितली. मिलीवर उंच चिमणी बांधायची. इतकी उंच की धूळ मागच्या वस्तीवर पडणारच नाही.

"मग कुठं पडेल?"

त्यांनी हात हवेत लांबवला. "दूर. तिकळे."

"तिकडे कोण राहतं?"

"थे मले नाई मालूम," ते म्हणाले, अगदी निरागसपणे.

मी उठले. "मशीन चालू करा. तुमची डाळ कशी निघते ते मला बघायचंय."

"मॅडम, साडी खराब होईन तुमची."

"साडी धुता येते. तुमच्याच अमरावतीत चांगली लॉन्ड्री आहे."

नाइलाजानं त्यांनी खूण केली. मिल सुरू झाली. तूर वर चढवणारे पट्टे खडखडले, टरफलं सोलणारे दगडी रूळ फिरायला लागले, आणि जिथं जिथं एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात माल पडत होता, तिथून पिवळसर धुळीचे लोट उठले. मी पदर नाकाला लावला.

"सुरू करताना थोडी उडते," प्रमोदभाऊ ओरडले. "मंग बसते."

ती बसली, खरं आहे. त्यांच्या मिशांवर. बघता बघता त्या अशा पिवळ्या झाल्या की हळद लागलेला नवरदेवच समोर उभा आहे असं वाटावं. मला हसू आवरेना, शिंका थांबेनात, आणि खरं सांगते, मी फार मजेत होते.

तिकडे मधुरा काय बघत होती ते मला नंतर कळलं. मिलीच्या छपरावर पत्र्याचं मोठं नरसाळं होतं. पंख्यानं धूळ ओढून त्या नरसाळ्यात गोळा करायची, अशी सोय मिल बांधतानाच केलेली. पण त्या पंख्याचा पट्टाच काढून ठेवलेला. वीज वाचवायला. मागच्या भिंतीशी टरफलाच्या भुकटीचा ढीग होता आणि त्याची एक बाजू जळून काळी झालेली.

भिंतीपलीकडून एका बाईनं डोकं वर काढलं.

"तू कोन वो? नवीन कामाले आली का?"

मधुरानं सांगितलं, मी मिल तपासायला आलेय.

"मंग इकळे ये, वर. माह्ये पापड तपास."

या सुनंदाताई. त्यांच्या गच्चीवर उडदाचे पापड वाळत होते आणि त्यावर पिवळी साय धरली होती. तक्रारीवरची पहिली सही त्यांचीच. आणि मधुरा पायऱ्या उतरायला वळली तेव्हा त्यांनी जाता जाता सांगितलं, "मिलवाला माहा सख्खा भाऊ होय. दिवाईपासून बोलनं बंद हाय. भाऊबीजबी झाली नाई."

ही सगळी माहिती घेऊन मधुरा घाईनं परत आली, तेव्हा इकडे माझी पूजा शेवटाला पोचली होती. शाल, श्रीफळ, फोटो. प्रमोदभाऊंनी फोन लावला होता आणि तो माझ्यापुढे धरला.

"पॅकिंग कंपनीचे साहेब हायेत लाइनवर. येक शब्द बोला, मॅडम. मिल साफ हाय म्हना. बस."

इथं माझी मजा संपली. हातात शाल, समोर फोन, फोनमधून "हॅलो? हॅलो?" आणि पिवळ्या मिशांच्या वरती दोन आशेनं भरलेले डोळे. त्या माणसाचा सगळा हंगाम त्या एका वाक्यावर होता आणि ते वाक्य बोलायचा मला काडीचा अधिकार नव्हता.

"प्रमोदभाऊ," मी म्हटलं, "मी मॅडम नाही. मी मधुराची आई. साताऱ्याहून फिरायला आलेय. मॅडम ती आहे."

कुणीतरी मिल बंद केली. इतकी शांतता झाली की फोनमधला साहेबही गप्प झाला.

मधुरा पुढे आली. तिनं फोन घेतला, आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, "तपासणी अजून झालेली नाही, सर. उद्या पूर्ण करते आणि मग लेखी कळवते." फोन ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"म्हंजे तुमी मले बनवून राह्यले होते?" प्रमोदभाऊंचा आवाज चढला. "घरी बोलावून, नारयपानी पाजून..."

"तुम्हीही मला बनवतच होता की," मी म्हटलं. "मशीन बंद ठेवून."

"आई, गप्प," मधुरा म्हणाली. शाळेत मी ज्या आवाजात म्हणायचे, त्याच आवाजात.

"भाऊ, चूक आमची आहे," ती म्हणाली. "मी दारातच सांगायला हवं होतं. ऑफिसला मी आत्ता स्वतः कळवते. मी नको असेन तर दुसरं कुणी येईल."

तिनं खरंच आमच्यासमोर फोन लावला आणि आपल्या ऑफिसातल्या साहेबांना सगळं सांगितलं. पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू येत नव्हता, पण तिचे कान लाल होताना दिसत होते.

प्रमोदभाऊ खुर्चीत टेकले. मग रुमालानं मिशा पुसत म्हणाले, "दुसरा कोनी आला तर त्याले मशीन बंद दाखवून चालन का?"

"नाही."

"मंग तुमीच या. निदान तुमच्या मायले तरी मी वळखतो आता."

संध्याकाळी लॉजवर मधुरानं फक्त स्वतःपुरती थाळी मागवली. मी माझी वेगळी मागवली.

"अगं, पण त्यामुळेच तुला मागं नीट बघता आलं ना?" मी भाकरी मोडत म्हटलं.

"आलं. ते वेगळं." तिनं ताट बाजूला सारलं. "आई, त्यांनी तुला खुर्ची दिली आणि मला बॅग ठेवायला सांगितलं. तुला त्याची गंमत वाटली. मला हे दर ठिकाणी होतं. दर ठिकाणी कुणीतरी माझ्या खांद्यावरून मागं बघतं, खरे साहेब कुठायत म्हणून. या वेळी मागं खरंच कुणीतरी होतं. आणि ती तू होतीस."

शाळेत मी हजार मुलींना सांगितलं असेल, पुढं बसा, हात वर करा, मोठ्यानं बोला. माझी स्वतःची मुलगी हात वर करत होती आणि मी पुढे उभी राहून फुलं घेत होते.

तिसऱ्या दिवशी मला मिलीत बंदी होती. अकरमभाईंनी मला पातूरला नेलं, अकोल्याहून वाशीमच्या रस्त्यानं. डोंगरात कोरलेली लेणी आहेत. फार कोरीव काम नाही, जाडजूड खांब आणि थंड, अंधाऱ्या ओवऱ्या. सकाळी लवकर जा, पाणी बरोबर न्या, जवळपास काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथं आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. मी एका खांबाला टेकून बसले.

अकरमभाई म्हणाले, "मावशी, काल मस्त नाटक झालं. पन पोरगी नाराज हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळी गाडीत ती माह्याशी बोलली, तुमच्याशी नाई. मलेबी चार पोरी हायेत."

"मग काय करायचं?"

"काई नाई करायचं. ती सांगन तेवढंच करायचं."

तेवढ्यात तिचाच फोन आला. "आई, एक काम आहे. सांगेन तेवढंच करशील?"

"करीन," मी म्हटलं. 'बरं' म्हटलं नाही.

काम असं होतं. अकोल्यात परतून सुनंदाताईंच्या गच्चीवर बसायचं. स्वच्छ पुसलेली स्टीलची ताटं कठड्यावर ओळीनं मांडायची. ती फोनवर सांगेल तेव्हा उचलायची, झाकायची आणि दुसरी ओळ मांडायची. ताटांना बोट लावायचं नाही. मी आणि सुनंदाताई दोघी तिथं परीक्षेतल्या पर्यवेक्षकांसारख्या बसलो. पापडाच्या कच्च्या पिठाचा मोठा गोळा, तिकडे त्याला लाट म्हणतात, त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "बसल्या बसल्या खा. कच्चीच चांगली लागते." लागते हो. हिंग, मिरी आणि उडदाचा चिकट तिखटपणा.

पहिल्या खेपेला मिल नेहमीसारखी चालवली. ताटांवर पिवळी पूड साचली. मग खाली बरीच ठोकाठोक झाली. पंख्याचा पट्टा परत चढला. यंत्रांची उघडी तोंडं जाड कापडाच्या बाह्या शिवून झाकली. मिल पुन्हा सुरू झाली आणि आम्ही दुसरी ओळ मांडली.

मधुराचा फोन आला, ताटं झाकली, आणि थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. पुढे मधुरा, मागे प्रमोदभाऊ. आपल्या बहिणीच्या गच्चीवर ते दिवाळीनंतर पहिल्यांदाच चढत होते. वर येऊन त्यांनी आधी आपली मिल बघितली. मला वाटतं, त्यांनी ती पाठीमागून कधी बघितलीच नसावी. काळी भिंत, जळक्या ढिगाचा डाग.

मधुरानं दोन्ही ओळींतलं एकेक ताट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पहिल्यावर बोट फिरवलं, मग दुसऱ्यावर.

"कमी हाय," ते म्हणाले. मग पुन्हा बोट बघून, "पन हाय."

"हो, आहे. ही तूर वाळवायच्या अंगणातून येतेय. तिथं वाऱ्याच्या बाजूला आडोसा लागेल. आणि ढीग जाळणं बंद. बघा ना, नरसाळ्याखाली पोतं भरलंय."

खाली पोत्यात बारीक भुकटी होती. वऱ्हाडात तिला चुनी म्हणतात, गुरं आवडीनं खातात, विकली जाते.

"येवढी चुनी मी उडवत होतो?"

"उडवत होता. उरलेली जाळत होता. उंच चिमणी बांधली असती तर आणखी लांब उडवली असती."

"अन् माह्या घरावरून जाऊन समोरच्याईच्या घरात पडली असती," सुनंदाताई म्हणाल्या. भावाकडे न बघता. "त्याईनं काय पाप केलं होतं?"

प्रमोदभाऊ उभेच. हात पिवळे, मिशा पिवळ्या.

"उभा काहून हाय?" सुनंदाताई म्हणाल्या. "बस."

ते खाटेच्या कडेला बसले. सुनंदाताईंनी परातीतून लाट तोडून त्यांच्या हातावर ठेवली.

"दिवाईले काहून नाई आली?" त्यांनी लाट चघळत विचारलं.

"तू बोलावलं काहून नाई?"

"बहिनीले बोलावा लागते का?"

"बहिनीच्या घरात धूय टाकता येते, तर बोलावताबी येते."

प्रमोदभाऊंनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "सही मांगं घेतं का मंग?"

"नाई," सुनंदाताई शांतपणे म्हणाल्या. "तुरीचा हंगाम जाऊ दे. पापड साफ वायले की पाहू. आनखी लाट पाहिजे का?"

"दे."

मधुरा कठड्यापाशी उभी राहून काहीतरी लिहीत होती. मी ताटं गोळा केली, एकात एक घातली आणि खाली नेऊन धुतली. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यावर कुणी रागावलं नाही.

परतीची गाडी अकोल्याहून. भुसावळपर्यंत मधुरा खिडकीबाहेर बघत होती, पण मनमाडच्या पुढं तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपली.

वऱ्हाडला जावं का, असं भिशीतल्या बायका आता विचारतात. मी म्हणते, जा. गिला वडा खा, पातूरला लवकर पोचा, बोलणं रोखठोक आहे म्हणून दचकू नका. तिथं रागही तोंडावर देतात आणि लाटही तोंडावर देतात. अकोल्याचं म्हणाल तर सगळं गोडगोड झालेलं नाही. पंख्याचा पट्टा जागेवर आहे, जाळणं बंद आहे, अंगणाचा आडोसा अजून व्हायचाय. तक्रारही तशीच उभी आहे, आणि मला ते योग्यच वाटतं. पॅकिंग कंपनीनं खरेदी थांबवलेली नाही, पण हंगाम संपल्यावर मधुरानं परत बघून यावं असं कळवलंय. मधुराला तिच्या साहेबांनी भरपूर सुनावलं, नोकरी कायम व्हायचं थोडं लांबलं, आणि ती फेरतपासणी मात्र तिच्याकडेच ठेवली. माझ्या घटकाभराच्या हौसेची ही किंमत तिनं भरली, हे मला हसत हसत सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात तिनं मला तिचा रिपोर्ट वाचायला पाठवला. शुद्धलेखन बघायला, म्हणाली. मशीन, पंखा, बाह्या, चुनी, सगळं नीट मांडलेलं. पहिल्याच पानावर एक वाक्य आहे: "भेटीच्या पहिल्या दिवशी मालकांनी बंद मिल आणि आम्ही चुकीची व्यक्ती पुढे केल्यामुळे त्या दिवसाची कोणतीही नोंद ग्राह्य धरू नये, आणि या चुकीची जबाबदारी तपासणीस म्हणून माझी आहे."

वाक्य जरा लांब झालंय. शाळेत असते तर दोन केली असती. मी ते तसंच ठेवून परत पाठवलं.